दोनशे एक्कावन्नावी एंट्री

"शर्वरी, एक एंट्री कमी हाय."

हिरेमठ सरांनी छापील पानांचा गठ्ठा माझ्या की-बोर्डवरच ठेवला. प्रत्येक ओळीसमोर शिसपेन्सिलीचं बारीक टिंब होतं. सकाळचे सव्वादहा वाजले होते आणि मी अजून संगणक सुरूसुद्धा केला नव्हता.

"वर लिहिलंय एकूण तीनशे बारा. मी दोनदा मोजलं. तीनशे अकराच भरत्यात."

"प्रिंटरनं एखादी ओळ खाल्ली असेल, सर."

"न्हाई. स्क्रीनवर बी मोजलं. पैली सहा पानं पन्नास-पन्नासची. सातव्यावर बारा पायजेत, तिथं अकराच हायत. हे यादीचं पेज तू बनवलंयस न्हवं? बघ की जरा."

"बघते," एवढंच मी कसंबसं म्हटलं आणि गठ्ठा बाजूला सरकवला. सर तिथंच उभे राहिले. तीस वर्षं नोकरी केलेला तो माणूस माझ्यासारख्या सव्वीस वर्षांच्या मुलीपुढं हात बांधून उभा होता, हे मला बघवत नव्हतं.

कुपवाड एमआयडीसीतली आमची कंपनी लिफ्टचे कंट्रोल बनवायची. लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबणार, दार कधी उघडणार, ब्रेक कधी लागणार, हे सगळं ठरवणारा प्रोग्राम आमच्याकडे लिहिला जायचा. त्यात कुणी एक अक्षर जरी बदललं तरी सर्व्हरवर त्याची एंट्री पडायची. कुणी बदललं, कधी बदललं, काय बदललं. या एंट्र्या मालकांना, म्हणजे प्रतापराव शिराळकर साहेबांना वाचता याव्यात म्हणून मी एक वेब पेज तयार केलं होतं. एका पानावर पन्नास एंट्र्या, खाली 'पुढचं पान'. त्या पेजचा मला कोण अभिमान होता! पाहुण्यांना मी ते मोबाईलवर दाखवायची.

अकरा दिवसांपूर्वी एका हॉस्पिटलातली आमची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं आणि ब्रेक लागायच्या आत केबिन दोन फूट खाली सरकली. लिफ्टमन महादेव ऐवळे यांचा एक पाय आत होता आणि एक बाहेर. पाय दोन ठिकाणी मोडला. तपासणीत कळलं की ब्रेक लागायची वेळ तीनशे मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी असायला हवी होती, ती प्रोग्राममध्ये नऊशे झालेली होती. ब्रेकच्या फाईलला हिरेमठ सरांशिवाय कुणी हात लावत नसे, आणि तयार प्रोग्राम लिफ्टला पाठवायची सोय फक्त त्यांच्या मशीनवर होती. तीनशेचे नऊशे केल्याची एंट्री मात्र कुठंच नव्हती. मग सगळ्यांनी अर्थ लावला की सरांनी चाचणीसाठी आकडा बदलला, परत करायला विसरले, आणि चूक कळल्यावर एंट्री कशीतरी उडवली. त्या दिवशी दुपारी तीनला लिफ्ट निरीक्षक तहसीन पटवेगार मॅडम सगळ्या एंट्र्या स्वतः बघायला येणार होत्या. त्यांच्या अहवालावर पोलीस गुन्हा दाखल करणार होते.

सर सगळ्यांना एकच सांगत होते, "मी हात लावलेला न्हाई." सुरुवातीला ठामपणे सांगत होते. आता आवाज खाली गेला होता.

ते जागेवर गेल्यावर मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"एक एंट्री कमी दिसतेय, साहेब. पेजमध्ये काहीतरी गडबड आहे."

साहेब फायली लावत होते. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. "मग एकूणच्या जागी तीनशे अकरा लिहून टाक."

"पण साहेब, खरंच एखादी एंट्री..."

"अगं, हिरेमठांनी बदल करून एंट्री उडवलीय, हे काय आता नवीन आहे का? नसलेली एंट्री कुठनं दिसणार? मॅडमच्या समोर आकडा जुळला नाही तर म्हणतील, यांचं सगळंच रेकॉर्ड बोगस आहे. कारखान्याला टाळं लागंल. जा, जुळवून टाक."

साहेब लबाड नव्हते. खरोखर त्यांना असंच वाटत होतं. मी "हो" म्हणून बाहेर आले आणि मला अगदी हलकं वाटलं. जे मला करायचं होतं तेच करायला मला सांगितलं गेलं होतं.

कारण ती एंट्री कुठली हे मला ठाऊक होतं.

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची. साहेबांच्या वडिलांच्या वेळी लेथ असायचे, आता कॉम्प्युटर होते. प्रत्येक मॉनिटरला झेंडूची माळ, हळदकुंकू, पुढं नारळ. एकदा पूजा झाली की दसऱ्याला आपट्याची पानं वाटेपर्यंत एकही मशीन सुरू करायचं नाही. यात साहेब फार कडक. एका फिटरनं नवमीला ड्रिल चालवलं म्हणून त्याच्याशी ते महिनाभर बोलले नव्हते.

त्या नवमीला पूजा आटोपून सगळे घरी गेले आणि दुपारी मला हॉस्पिटलातून फोन आला. लिफ्टच्या आतला आकडा सगळ्या मजल्यांवर शून्यच दाखवत होता, पेशंटचे नातेवाईक भांडत होते. साहेबांचा फोन बंद. मी जवळच राहायची. वॉचमनकडून किल्ली घेतली, हिरेमठ सरांच्या मॉनिटरवरची माळ उतरवली आणि मशीन सुरू केलं. त्यांचा पासवर्ड अख्ख्या ऑफिसला पाठ होता. माझ्या पेन ड्राइव्हवर आकड्याची दुरुस्ती केलेला फोल्डर होता, तो मी अख्खाच्या अख्खा चढवला. नवमीला काम केलं हे साहेबांना कळू नये म्हणून मशीनची तारीख आधी एक दिवस मागं घेतली, म्हणजे एंट्री अष्टमीची पडेल. दुरुस्ती लिफ्टला पाठवली, तारीख पूर्ववत केली, माळ घातली. कुंकू जरा पुसलं गेलं होतं ते बोटानं परत लावलं. वीस मिनिटांत घरी. हॉस्पिटलातून आभाराचा फोनही आला.

अपघातानंतर पहिल्यांदा मला तो फोल्डर आठवला. महिन्याभरापूर्वी चाचणीच्या टेबलावर मीच ब्रेकचा आकडा वाढवून बघितला होता. ती फाईल त्याच फोल्डरमध्ये होती की दुसऱ्या? पेन ड्राइव्ह उघडला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. मी तो अकरा दिवस पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि उघडला नाही. पहिल्या दिवशी मी एंट्र्यांची यादी मात्र चाळली होती. माझी एंट्री त्यात नव्हती. का नव्हती याचा विचारसुद्धा मी केला नाही. देवानंच झाकलं असं मानून मूग गिळून बसले.

तर मी एकूणचा आकडा बदलला. एका ओळीचं काम. पेज उघडलं, वर 'एकूण एंट्र्या ३११' असं छान दिसलं. साडेबारा वाजले होते. मी डबा उघडला आणि न खाताच परत बंद केला.

एवढ्यात हिरेमठ सर स्टूल घेऊन शेजारी येऊन बसले. त्यांच्या हातात चटणी-भाकरीचा डबा होता, तोही तसाच भरलेला.

"सापडली?"

"नाही, सर. एकूण मोजण्यातच चूक होती. तीनशे अकराच आहेत."

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. मग खिशातून मोबाईल काढला आणि माझ्यासमोर धरला. सकाळी काढलेला फोटो होता. 'एकूण एंट्र्या ३१२.'

"चूक कुठली, ते मॅडमना दाखवता आलं पायजे पोरी. मी त्यास्नी हा फोटो दाखवणार हाय. सर्व्हर आपणहून एक जास्ती कशाला मोजंल? कुठंतरी हाय ती एंट्री. माझा सगळा जीव तिच्यात अडकलाय बघ."

मी पुन्हा कामाला लागले ते धाडस आलं म्हणून नाही. त्या फोटोला घाबरून. मॅडमनी विचारलं असतं की आज दुपारी हा आकडा कुणी बदलला, तर पेजमधल्या बदलांच्या वेगळ्या यादीत त्याचीसुद्धा एंट्री पडलेली होती, आणि ती माझ्या नावावर होती. दोन्ही बाजूंनी मीच सापडणार होते. शोधत राहिलं तर निदान थोडा वेळ मिळणार होता.

सर शेजारून हलेनात. तोंडानं सांगत गेलं की चूक आपल्यालाच दिसते, म्हणून मी त्यांना समजावत समजावत शोधू लागले. चूक दीड तासात हाती लागली.

"सर, असं बघा. यादी जुन्याकडून नव्याकडे जाते. एक पान संपलं की त्याच्या शेवटच्या एंट्रीची तारीख-वेळ मी लक्षात ठेवते. आणि पुढच्या पानाला सांगते, याच्यानंतरच्या तेवढ्या दाखव."

"मग बरोबर हाय की."

"सगळ्यांची घड्याळं बरोबर असली तर. पण एखादी एंट्री पडली नंतर, आणि तिच्यावर तारीख आधीची असली, आणि नेमकी ती पान उलटताना आली, तर या पानात ती मावत नाही आणि पुढचं पान तिला जुनी समजून सोडून देतं."

"तारीख आधीची कशापायी असंल?"

"असते एखादवेळी," मी म्हटलं.

"कुठल्या पानाला?"

"ते दुरुस्त केल्यावरच कळेल."

दुरुस्ती सोपी होती. पान उलटताना तारीख बघायची नाही, अनुक्रमांक बघायचा. शेवटचा क्रमांक दोनशे पन्नास असेल तर पुढचं पान दोनशे एक्कावन्नापासून सुरू. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. मी ओळी लिहिल्या, एकूणचा आकडा परत सर्व्हरकडून घ्यायला लावला, आणि साठवायचं बटण दाबायला माझं बोट काही केल्या खाली जाईना. सर भाकरी न खाता बघत होते. मी मनात देवाला म्हणत होते की आत्ता वीज जाऊ दे. कुपवाडला रोज जायची ती त्या दिवशी गेली नाही. बटण मी दाबलं तेव्हा पावणेतीन वाजले होते, आणि तेवढ्यात बाहेर जीपचं दार वाजलं. मॅडम वेळेआधी आल्या होत्या.

पटवेगार मॅडम पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या. त्यांनी चहाला नाही म्हटलं, साहेबांच्या केबिनमध्ये मोठ्या स्क्रीनसमोर बसल्या आणि स्वतःची वही उघडली. साहेब, हिरेमठ सर आणि मी उभे. माउस माझ्या हातात.

"एकूण किती?"

"तीनशे बारा," मी म्हटलं. साहेबांनी माझ्याकडे चमकून बघितलं.

"पान पहिलं."

त्या एकेक ओळ वाचत होत्या. घाई नव्हती त्यांना. दुसरं पान, तिसरं, चौथं. पाचव्याच्या शेवटची एंट्री अष्टमीच्या संध्याकाळी साडेपाचची होती. आता पुढचं पान उघडणार, पहिल्याच ओळीत माझं नाव, 'श. कोठावळे' असं येणार, आणि हे तिघं माझ्याकडे वळून बघणार. आईला काय सांगायचं, त्या ऐवळ्यांच्या बायकोनं गाठलं तर तिला काय सांगायचं, सगळं एकदम डोक्यात आलं.

"पुढचं," मॅडम म्हणाल्या.

मी बटण दाबलं.

'२५१. म. हिरेमठ. डिस्प्ले दुरुस्ती.' समोर अष्टमीची तारीख, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं.

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. एंट्री पाडताना नाव कुणी विचारत नाही, ज्याचं मशीन त्याचं नाव आपोआप लागतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अकरा दिवस भीतीनं ते सुचलं नव्हतं एवढंच.

"तुम्ही आधी पाठवलेल्या यादीत ही नव्हती," मॅडम म्हणाल्या. "उघडा."

मी उघडली. एक्केचाळीस फायली बदललेल्या. खाली जाता जाता ब्रेकची फाईल आली. लाल रंगात जुना आकडा, तीनशे, खाली हिरव्या रंगात नवा, नऊशे.

सांगायला लाज वाटते, पण माझा जीव भांड्यात पडला. मी सुटले होते. आणि मी काहीही लबाडी न करता सुटले होते, उलट चूक शोधून काढणारी हुशार मुलगी ठरले होते. साहेबांनीसुद्धा खिडकीकडे तोंड करून एक मोठा श्वास सोडला.

"हिरेमठ, अष्टमीला दुपारी तुम्ही ऑफिसात होता?" मॅडमनी विचारलं.

"होतो."

"हे तुमचंच मशीन?"

"माझंच." सर स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. त्यांनी ती ओळ ओठ हलवत वाचली, पुन्हा वाचली. "ही मी केलीय?"

"नाव तुमचं आहे."

"व्हय. नाव माझं हाय." ते मागं सरकले आणि खुर्ची चाचपून खाली बसले. "मला काय बी आठवत न्हाई, मॅडम. पर मशीन कशाला खोटं बोलंल? माझ्याकडनंच झालं असंल. काय लिहून द्यायचं ते सांगा."

मॅडमनी कोरा कागद पुढं केला. सरांनी पेन घेतलं. 'मी, मल्लिकार्जुन हिरेमठ,' एवढं लिहून ते थांबले.

"आज तारीख काय?"

मॅडमनी सांगितली. त्यांनी लिहिली नाही. मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "बरोबर हाय न्हवं, शर्वरी?"

हा माणूस आम्हाला तोंडपाठ आकडे सांगायचा. कुठल्या लिफ्टला कुठल्या साली कुठली दोरी बसवली ते वही न उघडता सांगायचा. आणि आज भिंतीवर कॅलेंडर असताना तो तारीख मला विचारून खात्री करत होता.

"मॅडम," मी म्हटलं. "ती एंट्री सरांची नाही. माझी आहे."

कुणी काही बोलायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. फोन, किल्ली, फोल्डर, मागं घेतलेली तारीख. मधेच थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "नवमीला? पूजेतलं मशीन सुरू केलंस तू?"

"शिराळकर, तुम्ही थांबा," मॅडम म्हणाल्या. "तो पेन ड्राइव्ह कुठे आहे?"

मी पर्समधून काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तो माझ्याच हातानं लावायला लावला. ब्रेकची फाईल त्यातच होती. नऊशे.

नोकरी त्याच संध्याकाळी गेली. पुढं पोलिसांचे जबाब झाले, दीड वर्ष कोर्टाच्या तारखा झाल्या. महादेव ऐवळ्यांच्या पायात सळई घालावी लागली, ते लंगडतच कामावर गेले आणि माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. या सगळ्याला आता बारा वर्षं झाली.

पण त्या केबिनमध्ये मी हिरेमठ सरांकडे बघत होते. ते रागावतील, हात उगारतील, निदान शिवी तरी देतील, असं मला वाटत होतं. त्याला मी तयार होते. ते अर्धवट लिहिलेल्या कागदाकडे बघत बसले होते.

"म्हंजे," ते म्हणाले, "मी इसरलो न्हवतो?"

"नाही, सर."

"माझा थोरला भाऊ. पंचावन्नाव्या वर्षी जतच्या बाजारात उभा राहून लोकास्नी आपलंच घर विचारत हुता." ते मॅडमना सांगत होते की मला, ते कळत नव्हतं. "मला वाटलं, आता माझी पाळी आली. अकरा दिवस झालं, सकाळी काय खाल्लं ते चिठ्ठीवर लिहून ठेवतो आणि रात्री आठवून बघतो. घरात कुणाला बोललो न्हाई. बायकोला बी न्हाई."

पेन त्यांनी खाली ठेवलं. त्या अकरा दिवसांत ऑफिसातलं सगळ्यात घाबरलेलं माणूस मी आहे, असं मला वाटत आलं होतं.

"परत एकदा सांग," सर म्हणाले.

"तुम्ही विसरला नव्हता, सर. मी केलं होतं."

"परत सांग."

मी परत सांगितलं.